एका बाटलीची दोन नावे

मी दारू पीत नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे. मुख्याध्यापकाने दिवाळी अंकात मद्यावर लेख लिहिला म्हटल्यावर गावात चर्चा होणारच. पण या लेखाला निमित्त झाली ती एक बाटलीच.

गेल्या वर्षी गणपतीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. म्युनिकला इंजिनिअर आहे. पाया पडला, पेढ्यांचा बॉक्स दिला आणि मग जरा चाचरतच पिशवीतून कागदात गुंडाळलेली बाटली काढून टेबलावर ठेवली. आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो घाईघाईने म्हणाला, "सर, रागावू नका. प्यायला नाही, लेबल वाचायला आणलीय."

लेबल वाचले. मधोमध मोठ्या अक्षरांत ‘लाग्राइन’ असे वाइनचे नाव होते. त्याखाली ‘झ्यूटटिरोल’ आणि त्याच्या शेजारी ‘आल्तो आदिजे’. ही दोन्ही नावे एकाच प्रांताची, पहिले जर्मन आणि दुसरे इटालियन. मागच्या बाजूला गावाचे नावही असेच दोनदा छापलेले होते, ‘बोझेन’ आणि ‘बोल्झानो’.

"वाइन इटलीची आहे सर, पण जिथे ती विकत घेतली, तिथले लोक घरात जर्मन बोलत होते," तो म्हणाला. "अगदी आपल्याकडच्यासारखंच आहे तिकडे."

या ‘आपल्याकडच्यासारखंच’ने मला धरून ठेवले. १९५६ साली एक रेघ ओढली गेली आणि ज्यांच्या दाखल्यांची, सात-बाराची, दुकानाच्या पाट्यांची भाषा बदलली, त्या मुलखात हा अंक वाचला जातो. तेव्हा हा शब्द कुठे लागतो हे मी वेगळे सांगायला नको. एम. ए.ला माझा विषय इतिहास होता. मग वर्षभर, मिळेल तिथून, या बाटलीच्या गावाचा इतिहास वाचत राहिलो. खरे सांगायचे तर मी आमचेच गाऱ्हाणे परक्या मुलखात शोधायला निघालो होतो. ते सापडलेही. पण त्याच्याबरोबर आणखीही काही सापडले, आणि ते पचवायला मला थोडा वेळ लागला.

आधी भूगोल. इटलीच्या नकाशात डोक्याकडचा भाग पाहावा. तिथे आल्प्स पर्वत आडवा पसरला आहे आणि त्यात ऑस्ट्रियाच्या हद्दीवर ब्रेन्नर नावाची खिंड आहे. खिंडीतून दक्षिणेकडे उतरत आले की नद्यांची खोरी लागतात आणि ती जिथे एकत्र येतात तिथे बोल्झानो शहर आहे. आल्प्समधले शहर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. पण आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आणि हे बोल्झानो जेमतेम अडीचशे-पावणेतीनशे मीटरवर! सभोवार डोंगर आणि मध्ये कढईसारखा खोलगट भाग. त्यामुळे उन्हाळ्यात इटलीतल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांत त्याची गणना होते. दुपारी दक्षिणेकडच्या गार्दा सरोवरावरून वारा येतो, रात्री डोंगरावरची थंड हवा खाली उतरते. दिवसा ऊन, रात्री गारवा. द्राक्षाला आणखी काय हवे?

शहराला लागूनच तालफर नावाची डोंगरी नदी वाहते. इटालियन तिला ताल्वेरा म्हणतात. तिच्या पश्चिम काठावर ‘ग्रीस’ नावाची वस्ती आहे. ग्रीस देशाशी तिचा काही संबंध नाही. जर्मनमध्ये ग्रीस म्हणजे वाळू-खडी. त्याच शब्दाने तिथल्या बायका रव्यालाही ओळखतात. नाव अगदी सार्थ आहे. नदीने हजारो वर्षे डोंगरातला तांबूस ज्वालामुखी दगड फोडून आणून तिथे पसरला, त्याची ही जमीन. खडी दिवसा तापते, पाणी धरून ठेवत नाही आणि मुळांना खोल जायला लावते.

लाग्राइनच्या वेलाला अशीच जागा लागते, कारण हा वेल मोठा नाजूक मिजासीचा आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत हवा थंड किंवा पावसाळी झाली की फुले गळतात आणि घड विरळ राहतात. आपल्याकडे ऐन मोहोरात ढगाळ हवा आली की आंबेवाल्याच्या पोटात गोळा येतो, तसेच तिथल्या बागायतदाराचे होते. म्हणून डोंगरउतारावर दुसऱ्या जाती आणि खालच्या ऊबदार खडीच्या जमिनीत लाग्राइन, अशी वाटणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या झाली. ही जात दुसरीकडेही लावतात, पण तिचे माहेर म्हणून ग्रीसचेच नाव घेतले जाते.

वाइन कशी असते? वाचलेले सांगतो, आणि चाखलेले शेवटी सांगेन. रंग गर्द, जवळजवळ काळपट जांभळा. वासात काळी चेरी, काळ्या रानबेरी आणि व्हायोलेटची फुले. चव भरीव, आंबटपणा ठसठशीत आणि गिळल्यानंतर जिभेवर मागे राहणारा किंचित कडवटपणा, साखर न घातलेल्या कोकोसारखा. तिचे दोन प्रकार करतात. द्राक्षाच्या साली रसात पुष्कळ दिवस राहू दिल्या की गडद वाइन होते. तिला जर्मनमध्ये ‘डुंकेल’ म्हणजे काळोखी, आणि इटालियनमध्ये ‘स्कूरो’ म्हणतात. साली लवकर काढून टाकल्या की फिकट गुलाबी वाइन होते, ती ‘क्रेत्सर’. रस गाळायच्या वेताच्या टोपलीवरून हे नाव पडले म्हणतात. विसाव्या शतकात बराच काळ गुलाबी प्रकारच जास्त खपत असे. गडद वाइन राकट, खेडवळ म्हणून मागे पडली होती. शतकाच्या शेवटच्या दशकांत मात्र तिथल्या उत्पादकांनी वेलावरचे घड कमी केले, लहान लाकडी पिंपांत वाइन मुरवली, आणि याच गडद लाग्राइनला जाणकारांत नाव मिळाले.

तिचे नाव जुने आहे. १३१८ सालच्या एका नोंदीत ते ग्रीसच्या संदर्भात येते, मात्र त्या काळात या नावाने पांढरी वाइन ओळखली जाई. लाल लाग्राइन कागदावर येते ती १५२६ साली, आणि तीही एका बंडखोराच्या लेखणीतून. १५२५ मध्ये तिरोलचे शेतकरी सरंजामदार आणि चर्च यांच्याविरुद्ध उठले. त्यांचा पुढारी मिखाएल गाइसमायर हा एका बिशपचा चिटणीस होता. उठाव फसल्यावर त्याने नव्या राज्याचा एक आराखडा लिहिला. त्यात मेरानपासून त्रेंतोपर्यंतच्या दलदली उपसून शेती करण्याची योजना आहे, विशेषाधिकार मोडण्याची मागणी आहे आणि लाल लाग्राइनचाही उल्लेख आहे. गाइसमायरचा १५३२ मध्ये पादुआ शहरात मारेकऱ्यांनी खून केला. दलदली हटायला मात्र त्यानंतर शतके लागली.

वेल सांभाळला तो मुख्यतः मठांनी. ग्रीस येथे पंधराव्या शतकाच्या आरंभापासून ऑगस्टिनियन मठ होता. १८०७ मध्ये तो खालसा झाला. पुढे १८४१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मुरी या गावचा बेनेडिक्टाइन मठ तिथल्या सरकारने बंद केला. देशोधडीला लागलेल्या त्या साधूंना ऑस्ट्रियाच्या सम्राटाने ग्रीसची रिकामी वास्तू देऊ केली आणि १८४५ मध्ये ते तिथे आले. आजही त्या मठाचे तळघर लाग्राइनसाठी प्रसिद्ध आहे. स्वतःच्या देशातून हाकलले गेलेले लोक दुसऱ्याच्या गावचा वेल जपत बसले, ही गोष्ट मी वाचताना तशीच सोडून दिली होती. तिचा अर्थ मला फार उशिरा लागला.

आता ज्यासाठी मी वाचायला बसलो होतो तो भाग.

पहिल्या महायुद्धापूर्वी हा सारा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. १९१० च्या शिरगणतीप्रमाणे आजच्या दक्षिण तिरोलमध्ये इटालियन भाषिक शेकडा तीनच्या आसपास होते. बाकी बहुतेक जर्मन, आणि डोंगरांच्या काही खोऱ्यांत लादिन नावाची छोटी भाषा बोलणारे. पण १९१५ च्या गुप्त लंडन कराराने इटलीला युद्धात उतरण्याच्या मोबदल्यात ब्रेन्नरपर्यंतची हद्द कबूल केली गेली होती. १९१९ च्या सेंट जर्मेनच्या तहाने ती मिळाली आणि १० ऑक्टोबर १९२० रोजी मुलूख रीतसर इटलीत सामील झाला. लोकांना विचारले कोणी नाही. द्राक्षबागायतदारांवर तर दुहेरी घाव बसला. त्यांची वाइन आजवर उत्तरेकडे ऑस्ट्रियाच्या मुलखात खपत होती. आता मध्ये जकातीची भिंत आली, आणि दक्षिणेकडे सगळी इटलीच वाइनने भरलेली!

त्यानंतर नावांची पाळी आली. एत्तोरे तोलोमेई नावाच्या एका गृहस्थांनी १९१६ मध्येच या प्रांतातल्या दहा हजारांहून अधिक जागांची इटालियन नावे तयार करून ठेवली होती. काही जुनी होती, काही भाषांतरित, काही चक्क नव्याने घडवलेली. १९२३ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने ती यादी अधिकृत केली. ‘तिरोल’ हा शब्दच वापरायला बंदी आली. प्रांताचे ‘आल्तो आदिजे’, म्हणजे आदिजे नदीचा वरचा भाग, हे नाव नेपोलियनच्या काळातल्या एका जिल्ह्यावरून उचललेले होते. १९२७ मध्ये नव्या थडग्यांवर जर्मन मजकूर कोरण्यास मनाई झाली. १९२८ मध्ये तालफर नदीच्या ग्रीसकडच्या बाजूला संगमरवरी विजयस्मारक उभे राहिले. त्यावरच्या लॅटिन लेखाचा आशय असा की, इथून आम्ही इतरांना भाषा, कायदे आणि कला यांनी सुसंस्कृत केले. पिढ्यान्‌पिढ्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लोकांच्या दारात हे लिहिले होते!

पण माझ्यासारख्या मास्तराला सर्वांत लागली ती १९२३ च्या शिक्षण कायद्याची हकीकत. पहिलीपासून सारे शिक्षण इटालियनमधून करायचे ठरले. एकेका वर्षाला एकेक इयत्ता अशी जर्मन शाळा संपवली गेली. जुने शिक्षक काढले गेले किंवा दूर बदलले गेले, आणि त्यांच्या जागी मुलांची भाषा न जाणणारे नवे शिक्षक आले. मिखाएल गाम्पर नावाच्या धर्मगुरू-पत्रकाराने लोकांना सांगितले की आता घरीच शिकवा. त्यातून ज्या गुप्त शाळा उभ्या राहिल्या त्यांना ‘कॅटाकोंब शाळा’ म्हणत. रोमच्या आरंभीच्या ख्रिस्ती लोकांच्या भुयारांवरून हे नाव पडले. शेतघराच्या माळ्यावर, कोठारात, स्वयंपाकघरात, चार-सहा मुले जमत. शिकवणाऱ्या बहुतेक विशी-पंचविशीतल्या मुली. कुणी आले तर शिवणकामाचा वर्ग चालू आहे असे भासवायचे. बाराखडीची पुस्तके चोरून आणायची. पकडले तर दंड, तुरुंग, हद्दपारी.

मारग्राइड हे त्या भागातले द्राक्षांचे एक लहान गाव आहे. तिथे एका घराच्या भिंतीवर १६०१ साली लावलेला द्राक्षवेल अजून जिवंत आहे. त्या गावची आंगेला निकोलेत्ती शेजारच्या कुर्टाच गावात मुलांना चोरून जर्मन शिकवीत असे. १९२७ मध्ये तिला अटक झाली, तुरुंगवास झाला, गावबंदी झाली. क्षयाने ती १९३० मध्ये वारली. वय पंचवीस. मी हे वाचले त्या रात्री पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ तसाच बसलो. कारण त्याच जूनमध्ये आमच्या शाळेच्या पहिलीच्या वर्गात अकरा मुले दाखल झाली होती. तीस वर्षांपूर्वी मी नोकरीला लागलो तेव्हा पहिलीच्या दोन तुकड्या भरत. आमच्या शाळेवर कोणी पोलीस धाडत नाही. मराठी शिकवले म्हणून मला कोणी तुरुंगात टाकत नाही. समोरच्या रस्त्याने पिवळी बस येते आणि मोर्च्यात पुढे असणाऱ्यांचीच नातवंडे तिच्यात बसून इंग्रजी शाळेत जातात. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या स्वतःच्या मुलालाही आठवीपासून मी इंग्रजी माध्यमात घातले होते. पण मारग्राइडच्या त्या मुलीपुढे हे कबूल करावेसे वाटले.

असो. पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी आपापसांत ठरवून या लोकांपुढे पर्याय ठेवला. जर्मन राहायचे असेल तर घरदार सोडून जर्मनीत जा. इथे राहायचे असेल तर इटालियन होऊन राहा. वर्षअखेरपर्यंत उत्तर द्यायचे होते. शेकडा ८५ हून अधिक लोकांनी जाण्याच्या बाजूने कौल दिला. घरे फुटली. राहणाऱ्यांना जाणारे देशद्रोही म्हणू लागले. ज्यांच्यावर भाषेसाठी जुलूम झाला, त्यांच्यातल्याच काहींनी नाझींच्या आहारी जाऊन शेजाऱ्यांच्या दारांना काळे फासले, हेही इतिहासात लिहिलेले आहे आणि तेही वाचले पाहिजे. युद्धामुळे सारे गेले नाहीत. सुमारे ७५ हजार गेले आणि त्यांतले काही पुढे परतले.

१९४६ मध्ये पॅरिसला इटलीचे दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे ग्रूबर यांनी करार केला. त्यात जर्मन शाळा आणि स्वायत्तता कबूल झाली. शाळा परत आल्या, पण १९४८ ची स्वायत्तता दक्षिणेकडच्या इटालियन त्रेंतिनोसह एकत्र दिल्यामुळे सारी सत्ता बहुसंख्यांकडे राहिली. १९५७ मध्ये सिगमुंड्सक्रोन किल्ल्यावर हजारोंची सभा झाली. १९६० मध्ये प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात गेला. १९६१ च्या जूनमध्ये एका रात्रीत विजेचे कितीतरी मनोरे स्फोटांनी पाडले गेले, आणि पुढच्या वर्षांत माणसेही मेली. शेवटी सिल्व्हियुस माग्नागो यांच्यासारख्या, युद्धात पाय गमावलेल्या पण चर्चेची वाट न सोडणाऱ्या पुढाऱ्यांमुळे १९७२ चा दुसरा स्वायत्तता कायदा आला. त्याची अंमलबजावणी पूर्ण व्हायला वीस वर्षे लागली आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे जाहीर केले. १९९८ मध्ये ब्रेन्नर खिंडीतली नेहमीची पासपोर्ट तपासणीही उठली.

आज तिथे प्रत्येक भाषेच्या शाळा वेगळ्या आहेत आणि दुसरी भाषा सक्तीची आहे. भाषा ज्याची मातृभाषा असेल त्यानेच ती शिकवावी असा दंडक आहे. हा नियम वाचून मला त्यांचा हेवा वाटला. सरकारी जागा भाषिक प्रमाणात वाटल्या जातात. २०११ च्या गणनेत जर्मन शेकडा ६९, इटालियन २६ आणि लादिन साडेचार होते. पण सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. आपण कोणत्या भाषेचे हे प्रत्येकाला कागदावर जाहीर करावे लागते, आणि आई इटालियन, बाप जर्मन अशा घरातल्या मुलाने काय लिहायचे? बोल्झानो शहरात इटालियनच बहुसंख्य आहेत. १९३५ पासून शहराच्या दक्षिणेला बागा आणि मळे घेऊन कारखाने उभारले गेले, त्यांत पोटासाठी आलेल्या मजुरांची ही नातवंडे-पतवंडे. त्यांना ‘तुम्ही आक्रमक’ म्हणणे सोपे आहे, पण त्यांचा जन्म तिथलाच आहे. २००१ मध्ये नगरपालिकेने विजयस्मारकासमोरच्या चौकाचे नाव बदलून ‘शांतता चौक’ केले. पुढच्याच वर्षी लोकमत घेतले गेले आणि ‘विजय चौक’ हे जुने नाव परत आले. २०१४ पासून स्मारकाच्या तळघरात एक प्रदर्शन आहे. तिथे दोन्ही हुकूमशाह्यांचा इतिहास मांडला आहे. स्मारक पाडले नाही आणि पूजलेही नाही. ते समजावून सांगितले.

मग त्या लेबलवर दोन नावे कशी आली? १९७५ मध्ये या प्रांताच्या वाइनला कायद्याने संरक्षित नाव मिळाले, आणि ते दोन्ही भाषांत वापरता येते. गडदला डुंकेल म्हणा की स्कूरो, ग्रीसच्या वाइनला ‘ग्रीसर लाग्राइन’ म्हणा की ‘लाग्राइन दी ग्रीस’. एका चिठ्ठीवर शांतपणे शेजारी-शेजारी बसलेल्या या दोन शब्दांमागे पन्नास-पाऊणशे वर्षे खर्ची पडली आहेत. इथवर माझे गाऱ्हाणे मला हवे तसे सापडले होते. लेख इथेच संपवला असता तर टाळ्याही मिळाल्या असत्या.

पण ‘लाग्राइन’ हा शब्द राहिला होता. प्रांताला, गावाला, नदीला दोन-दोन नावे, मग वेलाला एकच कसे? शोधता शोधता कळले की या नावाचा उगम अनेकांच्या मते ‘वाल्लागारिना’त आहे. हे खोरे आदिजे नदीच्याच काठी, पण त्रेंतोच्याही खाली, पूर्णपणे इटालियन मुलखात. म्हणजे ग्रीसच्या जर्मन मठांनी आपले म्हणून जपलेल्या वेलाचे नावच बहुधा इटालियन! आणि गंमत पाहा. हजारो जर्मन नावे पुसणारे ते तोलोमेई ज्या रोव्हेरेतो गावात जन्मले, ते याच वाल्लागारिना खोऱ्यात आहे.

वेलाच्या वंशाचा निकाल लागला तो २००६ मध्ये. व्हुईयामो आणि ग्रांदो या दोन संशोधकांनी द्राक्षजातींचे जनुकीय नमुने ताडून पाहिले. लाग्राइनच्या जन्मदात्यांपैकी एक निघाली ‘तेरोल्देगो’ ही जात. तिचे घर रोतालियानोच्या मैदानात, म्हणजे सालोर्नोच्या अरुंद घाटीच्या दक्षिणेला. ही घाटी म्हणजेच जर्मन आणि इटालियन भाषांची जुनी सीमारेषा. म्हणजे बाप किंवा आई रेषेच्या पलीकडची आणि लेकरू अलीकडचे. ज्या सान मिकेले येथील कृषी संस्थेत हे काम चालले, ती आज इटलीत आहे, पण १८७४ मध्ये तिची स्थापना केली होती इन्सब्रुकच्या तिरोली विधिमंडळाने. तिथेही रेषा पुसटच.

आणखी एक नाते निघाले. तेरोल्देगोचे सख्खे भावंड म्हणजे फ्रान्समधली ‘द्युरेझा’ ही जात, आणि द्युरेझा ही सुप्रसिद्ध ‘सिरा’ची जन्मदाती. सिरा म्हणजेच ‘शिराझ’, जी आज आपल्या नाशिकच्या मळ्यांत वाइनसाठी लावतात. म्हणजे नाशिकच्या शिराझचे हे लाग्राइन सख्ख्या नात्यातले भावंड झाले. चुलत म्हणावे, मामे म्हणावे की मावस, हे ठरवणे कठीण, कारण द्राक्षाच्या एकाच फुलात दोन्ही लिंगे असतात. आपल्या नात्यांच्या शब्दांची तिथे पंचाईत होते.

या नात्याने मी गप्प झालो. मी ‘जर्मन’ वेलाची बाजू घेऊन वाचत होतो आणि वेल निघाला दोन्हीकडचा. याचा अर्थ जर्मन भाषिकांवर झालेला अन्याय खोटा ठरत नाही. नाव पुसणे, शाळा बंद करणे, थडग्यावरचा शब्द मारणे, हे अन्यायच होते, आणि आपल्या भाषेत आपले नाव लिहिण्याचा हक्क मागायला शुद्ध वंशाचा दाखला लागत नाही. पण तो दाखला आपल्याजवळ आहे असे मात्र समजू नये. ग्रीसच्या लोकांचा लाग्राइनवर हक्क आहे तो तो मुळात त्यांचा होता म्हणून नव्हे. सातशे वर्षे त्यांनी तो खडीत लावला, छाटला, फुलोऱ्यात त्याची काळजी केली म्हणून आहे. मुरीहून आलेल्या त्या परक्या साधूंनाही तो याच न्यायाने मिळाला. भाषेचेही तेच. १९२३ नंतर जर्मन टिकली ती पाट्यांवर नव्हे, ती माळ्यावरच्या चार-सहा मुलांत टिकली.

आमच्या शाळेत कन्नड शिकवणारे एक सहकारी आहेत. बावीस वर्षांचा स्नेह. निवडणुकीच्या दिवसांत आम्ही दोघे एकमेकांशी फक्त हवापाण्याबद्दल बोलतो, एरवी सगळे बोलतो. कोजागरीला ते सहकुटुंब घरी आले होते. ही सारी हकीकत त्यांना सांगितली. त्यांनी नात्यांचा मुद्दा बरोबर पकडला. म्हणाले, "सर, तुम्ही धाकट्या बहिणीला माई म्हणता, मोठीला अक्का. भावाला अण्णा. अक्का-अण्णा कुठून आले, सांगा बघू?" मी हसलो. अक्का आणि अण्णा कन्नडमधून आले हे मला ठाऊक होते. पण घरात हाक मारताना ते कधी आठवले नव्हते.

त्या रात्री बाटली उघडली. विद्यार्थ्याला दिलेला शब्द मोडला म्हणा हवे तर. सौभाग्यवतींनी दूध आटवायचे थांबवून "आता या वयात?" एवढेच विचारले. आम्ही दोघा मास्तरांनी मसाला दुधाच्या पेल्यांत दोन-दोन घोट घेतले. मला त्यात चेरी सापडली नाही, व्हायोलेट तर मी पाहिलेलेच नाही. मला सापडले खानापूरच्या रानातले जांभूळ. तोच रंग, तोच तुरटपणा, आणि जीभ काढून दाखवली असती तर बहुधा तीच जांभळी जीभ. सहकारी म्हणाले, "नेरळे हण्णु!" कन्नडमध्ये जांभळाला तेच म्हणतात. एका घोटाला लागलीच दोन नावे मिळाली.

बाकीची वाइन विद्यार्थ्याच्या वडिलांकडे पोहोचवली, ते घेतात. रिकामी झाल्यावर बाटली तेवढी परत मागितली. कोमट पाण्यात भिजवून लेबल अलगद सोडवले आणि माझ्या जुन्या नकाशासंग्रहात, इटलीच्या पानावर चिकटवले. जूनमध्ये पुन्हा पहिलीचे प्रवेश सुरू होतील. यंदा मेमध्येच मी आणि आमच्या दोन शिक्षिका घरोघर जाणार आहोत. मोर्चाचे निमंत्रण द्यायला नव्हे, फक्त मुले मागायला. पहिले घर माझ्या भावाचे आहे. त्याची नात पाच वर्षांची झाली.